वाचण्याची सोय झाली, लिहिण्याचे काय?

एकाच नियतकालिकात माझे दोन शोधनिबंध आहेत. विषय जवळपास सारखा, समीक्षकांनी घेतलेली झाडाझडतीही सारखीच. पहिला निबंध मी जर्मनीतील एका विद्यापीठात पोस्टडॉक असताना पाठवला होता. निबंध स्वीकारल्याचे पत्र आले आणि त्यासोबत एक दुवा आला. दुव्यावरच्या पानावर विद्यापीठाचे नाव निवडायचे, परवान्याच्या चौकटीत खूण करायची, एवढेच काम होते. दोन मिनिटांत निबंध जगभरच्या वाचकांसाठी कायमचा खुला झाला. शुल्क किती होते, कोणी भरले, हे मला तेव्हा कळलेही नाही आणि खरे सांगायचे तर मी विचारलेही नाही.

दुसरा निबंध भारतात परतल्यानंतरचा. पत्र तसेच आले, दुवाही तसाच आला. या वेळी संस्थांच्या यादीत माझ्या संस्थेचे नाव नव्हते. त्याऐवजी अडीच लाख रुपयांच्या पुढे जाणारा एक आकडा होता आणि त्याखाली दुसरा पर्याय होता : शुल्क काही नाही, मात्र निबंध फक्त वर्गणीदारांना दिसेल. माझ्या प्रकल्पाच्या अनुदानात त्या वर्षी तेवढ्या रकमेत एक ऑसिलोस्कोप दुरुस्त होणार होता आणि एका विद्यार्थिनीचा परिषदेचा प्रवास होणार होता. मी दुसरा पर्याय निवडला.

काही महिन्यांनी एका राज्य विद्यापीठातील एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा ईमेल आला. ‘मॅडम, तुमचा जर्मनीतला पेपर उघडतो, पण भारतातला उघडत नाही. पाठवाल का?’ मी अर्थातच पाठवला. पण त्याचे वाक्य मनातून जाईना. भारतीय करदात्याच्या पैशातून, भारतातल्या प्रयोगशाळेत झालेले काम भारतातल्याच विद्यार्थ्याला दिसत नव्हते. जर्मन करदात्याच्या पैशातून झालेले दिसत होते.

ही गोष्ट ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू होण्यापूर्वीची आहे. आज तो विद्यार्थी माझा दुसरा निबंधही वाचू शकेल, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु या योजनेने अर्ध्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे. उरलेल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर आपण लवकरच शोधू लागणार आहोत, आणि ते घाईने, दुसऱ्यांचे पाहून दिले जाईल अशी मला भीती वाटते. त्यासाठीच हे लिहिते आहे. पोस्ट लांब आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

योजनेने काय साधले

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या योजनेला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी एकूण ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक शासकीय शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक, असा तिचा आवाका आहे. अंमलबजावणीचे काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे आहे.

दरवर्षीचे २,००० कोटी रुपये १ कोटी ८० लाखांत वाटले तर माणशी वर्षाला साधारण १,१०० रुपये येतात. बाजारात एखादा शोधनिबंध सुटा विकत घ्यायचा तर त्यासाठी याच्या दुपटी-तिपटीने पैसे मोजावे लागतात. यापूर्वी ई-शोधसिंधूसारखे गट होते, विज्ञान विभागांचे स्वतःचे वेगळे गट होते. आयआयटीला जे मिळे ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयाला मिळत नसे. ती दरी या योजनेने एका फटक्यात बरीच कमी केली. खासगी संस्था पहिल्या टप्प्यात बाहेर राहिल्या, ही उणीव आहेच. तरीही ज्यांनी विद्यार्थिदशेत एकेका निबंधासाठी परगावच्या मित्रांना गळ घातली आहे, त्यांना या योजनेचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र हा करार मुळात वाचनाचा आहे. भारतीय लेखकाचा निबंध भारताबाहेरच्या, किंवा योजनेच्या कक्षेबाहेरच्या, वाचकासाठी खुला करायचा असेल तर त्याचे शुल्क वेगळे पडते. शासनाला याची जाणीव आहे. म्हणूनच निवडक दर्जेदार मुक्त प्रवेश नियतकालिकांत प्रकाशनासाठी वर्षाला १५० कोटी रुपयांचे साहाय्यही योजनेत ठेवले आहे. पुढच्या वादाचे बीज या १५० कोटींत आहे.

वाचन-प्रकाशन करार म्हणजे काय

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते.

शोधनिबंधांच्या व्यवहारात लेखक मानधन घेत नाही, समीक्षकही सहसा घेत नाही, आणि तरीही वाचकाला पैसे मोजावे लागतात. या विसंगतीवर २००२ सालच्या बुडापेस्ट घोषणेने बोट ठेवले आणि ‘मुक्त प्रवेश’ ही संज्ञा रूढ झाली. त्यातून दोन वाटा निघाल्या. एक, लेखकाने स्वीकृत हस्तलिखित संस्थेच्या किंवा विषयाच्या भांडारात ठेवायचे. दुसरी, नियतकालिकानेच निबंध खुला करायचा. या दुसऱ्या वाटेवर खर्च कोण उचलणार हा प्रश्न आला आणि बहुतेक मोठ्या प्रकाशकांनी त्याचे एकच उत्तर दिले : लेखक. प्रकाशन शुल्क, म्हणजे आपण ज्याला एपीसी म्हणतो ते, अशा रीतीने आले.

वर्गणीच्या नियतकालिकांनी मग संमिश्र पद्धत स्वीकारली. एकाच अंकात काही निबंध खुले, काही बंद. त्यामुळे विद्यापीठे दोनदा पैसे देऊ लागली : ग्रंथालयाने वर्गणी भरायची आणि प्राध्यापकाने प्रकाशन शुल्क. यावर उपाय म्हणून युरोपात वाचन व प्रकाशन एकाच करारात बांधण्याची कल्पना पुढे आली. विद्यापीठांचा गट प्रकाशकाला एक ठोक रक्कम देतो. त्या बदल्यात त्या विद्यापीठांना सर्व नियतकालिके वाचता येतात आणि त्यांच्या लेखकांचे निबंध खुले होतात. हळूहळू सगळे जगच मुक्त प्रवेशाकडे जाईल या आशेने या करारांना ‘परिवर्तनकारी’ म्हटले गेले.

जर्मनीतील ‘डील’ हा त्यांतला गाजलेला प्रयत्न. २०१९ मध्ये वायलीशी आणि त्यापाठोपाठ स्प्रिंगर नेचरशी करार झाला. प्रत्येक निबंधामागे २,७५० युरो हा त्यातला दर होता. माझ्या पहिल्या निबंधासाठी त्या दोन मिनिटांच्या मागे असाच एखादा आकडा होता. एल्सेव्हियरशी बोलणी मात्र फिसकटली. जुलै २०१८ मध्ये शेकडो जर्मन संस्थांचा त्या प्रकाशकाच्या नव्या निबंधांचा प्रवेश बंद झाला आणि करार व्हायला २०२३ साल उजाडले. मधल्या काळात जर्मन विज्ञान थांबले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठानेही फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सेव्हियरशी बोलणी तोडली आणि दोन वर्षांनी, मार्च २०२१ मध्ये, आपल्या बऱ्याचशा अटी मान्य करून घेतल्या. उठून जाण्याची तयारी असेल तरच घासाघीस होते, हे भाजीबाजारात आपल्याला ठाऊक असते. ज्ञानाच्या बाजारात आपण ते विसरतो.

आपणही तसेच करावे का

अनेक सहकाऱ्यांचे मत असे आहे की २०२७ अखेर योजनेचे नूतनीकरण करताना भारताने सरळ वाचन-प्रकाशन करार करून टाकावा. वरवर पाहता ते रास्त वाटते. माझा विरोध तत्त्वाच्या आधी हिशेबापासून सुरू होतो.

भारतातून दरवर्षी दोन लाखांच्या घरात शोधनिबंध प्रसिद्ध होतात. संख्येच्या दृष्टीने चीन आणि अमेरिकेनंतर आपला क्रमांक लागतो. जर्मनीचा दर, म्हणजे निबंधामागे अडीच लाखांहून अधिक रुपये, या सगळ्यांना लावला तर वर्षाचा खर्च ५,००० कोटींच्या पुढे जातो. आज आपण वाचनासाठी देतो त्याच्या अडीच पट. सगळे निबंध या ३० प्रकाशकांकडे जात नाहीत, काहींचे मुख्य लेखक परदेशी असतात, मोठा ग्राहक म्हणून सूटही मिळेल. हे सारे मान्य करून आकडा निम्म्यावर आणला तरी तो आजच्या वर्गणीहून मोठाच राहतो.

आता उलट बाजूने पाहू. १५० कोटींत किती निबंध खुले होतील? निबंधामागे दोन लाख रुपये धरले तर ७,५००. दोन लाखांपैकी साडेसात हजार, म्हणजे शंभरांत चारसुद्धा नाहीत. मग त्या चारांत कोण असेल? ज्यांच्या संस्थेत असे अर्ज भरून देणारे कार्यालय आहे, ज्यांचे ग्रंथपाल या विषयात तरबेज आहेत, ज्यांची नावे नावाजलेल्या नियतकालिकांत आधीपासून दिसतात, त्यांचे अर्ज आधी पोहोचतील. यात कोणाचे कारस्थान असावे लागत नाही. मर्यादित पैसा आणि अमर्याद मागणी असली की पाणी जिथे आधीच ओल आहे तिकडे वाहते.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. वर्गणीची भिंत वाचकासमोर उभी असते. प्रकाशन शुल्काची भिंत लेखकासमोर उभी राहते. वाचकाला निदान आडवाटा असतात : लेखकाला ईमेल करता येतो, प्रीप्रिंट शोधता येते. सायहबची आडवाट किती जण वापरत होते हे सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती आपल्याकडे बंद झाली. पण ज्या लेखकाकडे शुल्काचे पैसे नाहीत त्याला आडवाट कुठली? जे नियतकालिक पूर्णपणे शुल्कावर चालते, तिथे त्याला विनाशुल्क बंद निबंधाचाही पर्याय नसतो.

शुल्कमाफीचे काय, असे कोणी विचारील. मोठे प्रकाशक गरीब देशांना माफी देतात हे खरे. पण भारत सहसा त्या यादीत बसत नाही. दरडोई उत्पन्नाने आपण निम्न-मध्यम गटात आहोत, परंतु त्या गटासाठी देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेच्या आकाराची कमाल मर्यादाही लावली जाते आणि आपली अर्थव्यवस्था तिच्या कितीतरी पुढे आहे. अर्थव्यवस्था मोठी आहे म्हणून माफी नाही, आणि प्रयोगशाळेचे अनुदान लहान आहे म्हणून शुल्क परवडत नाही, अशा कात्रीत भारतीय संशोधक सापडतो. ‘नेचर’ने २०२१ पासून मुक्त प्रवेशाचा पर्याय दिला तेव्हा त्याचे शुल्क ९,५०० युरो होते. २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची विद्यावृत्ती महिन्याला ३७,००० रुपये आहे. म्हणजे एका निबंधाचे शुल्क आणि एका तरुण संशोधकाची जवळजवळ दोन वर्षांची विद्यावृत्ती ही समान रक्कम झाली. दोहोंपैकी एकच निवडायचे असेल तर मला तरी शंका नाही.

तिसरा आक्षेप असा की ज्यांनी हे करार आधी केले तेच आता साशंक झाले आहेत. ब्रिटनमधील जिस्क या संस्थेने २०२४ मध्ये आपल्या करारांचा आढावा घेतला. २०१८ ते २०२२ या काळातील गती पाहता पाच मोठ्या प्रकाशकांची नियतकालिके पूर्णतः मुक्त व्हायला किमान ७० वर्षे लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. युरोपातील निधिदात्या संस्थांच्या ‘कोअॅलिशन एस’ने २०२४ नंतर अशा करारांना आर्थिक पाठबळ न देण्याचे ठरवले. संक्रमणासाठी म्हणून उभारलेला पूल लोकांनी राहते घर करून टाकला, असे काहीसे झाले. आपण त्याच पुलावर आता नव्याने पथकर भरायला निघालो तर इतरांच्या अनुभवातून काय शिकलो?

चौथे कारण संशोधनाच्या प्रकृतीशी संबंधित आहे. निबंधागणिक पैसे मिळू लागले की अधिक निबंध छापण्यात प्रकाशकाचा फायदा असतो. आपल्याकडे पदोन्नती, पीएच.डी. आणि क्रमवारी या सर्वांत निबंधांची संख्या मोजण्याची सवय आधीच जडलेली आहे. या दोन प्रवृत्तींची गाठ पडली तर काय होते, ते दर आठवड्याला ‘आपल्या मोलाच्या योगदानाची’ याचना करणारे ईमेल पाहून कोणालाही कळेल.

दुसरी बाजू

माझ्या मताला असणारे सर्वांत वजनदार उत्तर माझ्याच एका तरुण सहकाऱ्याने दिले. तो म्हणाला, ‘ताई, तुझा पहिला पेपर कराराने खुला झाला, तो अधिक वाचला गेला असेल, त्याच्या जोरावर तुला इथे नोकरी मिळाली असेल. आता आमची पाळी आली तेव्हा तू तत्त्व सांगतेस.’

हे बोचणारे आहे आणि त्यात तथ्य आहे. जो आज तिशीच्या उंबरठ्यावर नोकरी शोधतो आहे, त्याला जागतिक व्यवस्था सुधारण्यासाठी स्वतःचा निबंध बंद ठेव असे सांगण्याचा अधिकार मला नाही. म्हणूनच माझे म्हणणे एकेका संशोधकाला उद्देशून नाही. ज्याला शुल्काचे पैसे मिळतात त्याने ते जरूर घ्यावेत. माझे म्हणणे आहे ते देशाच्या वतीने टेबलावर बसणाऱ्यांना उद्देशून. तरुण संशोधकाला खुला निबंध हवा आहे. तो प्रकाशकाला निबंधामागे अडीच लाख देऊनच मिळेल असे मात्र नाही.

भौतिकशास्त्रात आम्हाला हे कधीपासून माहीत आहे. पॉल गिन्स्पार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामॉसमध्ये प्रीप्रिंटची जी सेवा सुरू केली, तीच आजची अर्काइव्ह. माझा बंद निबंधही त्या विद्यार्थ्याला तिथे मिळाला असता. त्या घाईच्या महिन्यांत मी सुधारित आवृत्ती तिथे चढवली नव्हती, हा दोष माझा. अर्काइव्हवर ठेवायला लेखकाला पैसे लागत नाहीत, वाचायलाही लागत नाहीत.

उच्च ऊर्जा भौतिकीत तर याच्याही पुढचे पाऊल पडले. सर्नच्या पुढाकाराने जानेवारी २०१४ पासून ‘स्कोप-३’ ही व्यवस्था चालू आहे. निरनिराळ्या देशांच्या ग्रंथालयांनी वर्गणीचे पैसे एकत्र करून प्रकाशकांना थेट दिले आणि त्या बदल्यात त्या क्षेत्रातील प्रमुख नियतकालिकांतले निबंध सर्वांसाठी खुले झाले. लेखक जिनिव्हाचा असो वा गुवाहाटीचा, त्याला शुल्काचे पान दिसतच नाही. खगोलशास्त्रातील ‘अॅस्ट्रॉनॉमी अँड अॅस्ट्रोफिजिक्स’ने २०२२ पासून आणखी एक तऱ्हा अवलंबली : पुरेशा ग्रंथालयांनी वर्गणी चालू ठेवली तर त्या वर्षीचे सर्व अंक जगाला खुले. वर्गणीचीच रक्कम, पण फळ सर्वांना.

२०२७ पूर्वी काय मागावे

माझ्या मते भारताने पुढच्या वाटाघाटीत प्रकाशनाचे ठोक शुल्क मागण्याऐवजी चार गोष्टी मागाव्यात.

पहिली, हस्तलिखिताचा हक्क. योजनेतील कोणत्याही प्रकाशकाकडे भारतीय लेखकाचा निबंध स्वीकारला गेला की त्याचे अंतिम स्वीकृत हस्तलिखित त्याच दिवशी, कोणत्याही प्रतीक्षाकाळाविना, सार्वजनिक भांडारात ठेवता आले पाहिजे, ही अट करारातच असावी. यात नवे काही नाही. हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेने फेब्रुवारी २००८ मध्येच लेखकाचे हक्क राखण्याचे धोरण स्वीकारले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १ जुलै २०२५ पासून प्रतीक्षाकाळ रद्द केला. आपल्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचेही डिसेंबर २०१४ पासून मुक्त प्रवेश धोरण आहे; निबंध भांडारात ठेवावा असे ते सांगते. त्याचे पालन रोडावले, कारण एकटा लेखक प्रकाशकाच्या कराराशी भांडू शकत नाही. २,००० कोटींचा ग्राहक भांडू शकतो. शिवाय शोधगंगेवर लाखो प्रबंध चढवण्याची व्यवस्था इन्फ्लिबनेटनेच उभी केली आहे. निबंधांसाठी तसे भांडार चालवणे तिला अवघड जाऊ नये.

दुसरी, आधीच खुल्या असलेल्या मजकुराची वजावट. जर्मनी, ब्रिटन, नेदरलँड्स यांनी पैसे भरून खुले केलेले निबंध आज त्याच नियतकालिकांत आहेत ज्यांची वर्गणी आपण भरतो. खुल्या निबंधांचा वाटा जसा वाढेल तशी आपली वर्गणी कमी झाली पाहिजे. जे कोणालाही फुकट वाचता येते त्याचे पैसे भारताने का मोजावेत?

तिसरी, करारांची पारदर्शकता. कोणत्या प्रकाशकाला किती रक्कम, कोणत्या अटींवर, हे करदात्याला कळले पाहिजे. जर्मनीचा डील करार सार्वजनिक आहे. म्हणूनच २,७५० युरोंचा आकडा मी इथे लिहू शकले. योजनेचा वापर आणि भारतीय लेखकांचे प्रकाशन यांचा वेळोवेळी आढावा घेण्याचे काम अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे सोपवले आहे. तो आढावा संस्थानिहाय प्रसिद्ध व्हावा, म्हणजे कोणती नियतकालिके खरोखर वाचली जातात आणि कोणती गठ्ठ्यात केवळ वजन भरायला आली आहेत ते उघड होईल.

चौथी गोष्ट प्रकाशकांकडून मागायची नाही, स्वतःकडून मागायची आहे. वर्षाच्या १५० कोटींतला मोठा हिस्सा भारतीय नियतकालिकांना द्यावा. भारतीय विज्ञान अकादमी, जिची स्थापना सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये केली, तिची नियतकालिके अकादमीच्या संकेतस्थळावर वाचकांना मोफत मिळतात. १९७३ पासून निघणारे ‘प्रमाण’ हे आपले भौतिकशास्त्राचे नियतकालिक त्यांतलेच. सीएसआयआरच्या नियतकालिकांचे ऑनलाइन भांडारही कित्येक वर्षे खुले आहे. लॅटिन अमेरिकेत तर सायेलोने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सार्वजनिक निधीतून मुक्त नियतकालिकांचे अख्खे जाळे विणले. १५० कोटींत परदेशी प्रकाशकांकडचे ७,५०० निबंध एकदाच खुले होतात. पुढच्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्याच पैशात पगारी संपादक, चांगली संगणकीय यंत्रणा, भाषासंपादन आणि वेळेवर समीक्षा यांची सोय असलेली काही डझन उत्तम नियतकालिके उभी राहू शकतात, आणि ती आपली राहतात.

‘पण तिथे कोण लिहील?’ हा प्रश्न रास्त आहे. मी स्वतः माझे सर्वोत्तम काम अजून ‘प्रमाण’ला पाठवलेले नाही. कारण निवड समितीपुढे कोणते नाव चालते हे मला ठाऊक आहे. म्हणजे दुखणे नियतकालिकांत जेवढे आहे तेवढेच आपल्या निवड समित्यांत आहे, आणि त्या समित्यांवर परदेशी प्रकाशक बसत नाहीत, आपणच बसतो. निबंध कुठे आला हे न पाहता तो वाचून मत देणारी समिती जोपर्यंत होत नाही, तोपर्यंत कोणतीही योजना अपुरीच पडेल.

विद्यार्थ्यांसाठी थोडे

धोरण ठरेल तेव्हा ठरेल. तोवर तुमच्या हाती काही गोष्टी आहेत. निबंध पाठवताना, आणि स्वीकारला गेल्यावर पुन्हा एकदा, प्रीप्रिंट चढवा. मी केली ती हयगय करू नका. स्वीकृत हस्तलिखिताची फाइल जपून ठेवा आणि ती कुठे व कधी ठेवायची परवानगी आहे हे नियतकालिकाच्या धोरणात वाचा. तुमच्या संस्थेच्या ग्रंथपालांना भेटा. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’चे खाते कसे उघडायचे आणि प्रकाशन साहाय्याचे निकष काय, हे त्यांच्याकडून समजून घ्या. मार्गदर्शकांनी कुठल्याही शुल्काची रक्कम विद्यावृत्तीतून भरायला सांगितली तर नम्रपणे पण स्पष्टपणे प्रश्न विचारा. आणि निबंध उघडत नसेल तर लेखकाला ईमेल करायला संकोचू नका. लेखकाला राग येत नाही, उलट कोणीतरी वाचते आहे याचे अप्रूप वाटते.

त्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला मी तेव्हा निबंध पाठवला, पण त्याच्या वाक्यात दडलेल्या प्रश्नाला उत्तर दिले नव्हते. उत्तर असे आहे : दोन्ही निबंध सारख्याच कष्टाचे होते, फरक फक्त माझ्या पत्त्यात होता. २०२७ मध्ये जे नवे करार होतील त्यांची परीक्षा मी एकाच कसोटीवर करीन. त्या विद्यार्थ्याने उद्या स्वतःचा पहिला निबंध लिहिला, त्याच्याच विद्यापीठातून, अनुदानाविना, तर तो जगाला वाचता येईल का? वाचता येत असेल तर करार चांगला. नसेल, तर आकडे कितीही मोठे असोत, आपण फक्त भिंतीची जागा बदलली असे मी म्हणेन.

ग्रंथपाल मंडळी आणि इतर विषयांतील संशोधक यांचे अनुभव वाचायला आवडतील, विशेषतः जे माझ्याशी असहमत असतील त्यांचे.